उचललेला बेल

आमच्या गावात माणूस खरं बोलतो की खोटं, हे ठरवायला वकील लागत नसे. महादेवाच्या पिंडीवरचा बेल आणि चिमूटभर भंडारा ओंजळीत घ्यायचा, चार माणसांसमोर सांगायचं ते सांगायचं आणि घरी जायचं. पुढचं काम महादेवाचं. पंच एक मुदत घालून देत. त्या मुदतीत ज्याच्या घरी कुणी दगावलं, कुणाला मोठं दुखणं आलं, बैल मेला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागली, तो खोटा. ज्याचं घर सुखरूप राहिलं तो खरा. ही रीत बरी होती की वाईट, यावर हल्लीची शाळा शिकलेली मुलं माझ्याशी वाद घालायला येतात. मी त्यांना गूळपाणी देतो आणि वाटेला लावतो. या विषयावर बोलायचं म्हटलं की अजून माझी मान वर होत नाही.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे आमच्या काळ्या मातीचे दिवस पालटले. कधी नव्हे तो भाव आला. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. ज्यांच्या घरी गेल्या सालपर्यंत अंबाडीच्या भाजीवर दिवस निघत होते, त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमच्या महादेवालाही पितळी कळस आला. माणसाचं बरं चाललं की देवाचंही बरं चालतं, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आपण फार हुशार बोललो म्हणून स्वतःच हसायचो.

घरात आम्ही तिघं. मी, माझी माय आणि माझी बायको. बाप मी मिसरूड फुटायच्या आत गेला होता, म्हणून कारभारी मीच. कापूस घेऊन अमरावतीला जायचं, अडत्याच्या आवारात मुक्काम टाकायचा, हे माझं काम. त्या आवारात एक कारकून होता, मुंबईकडचा. त्यानंच मला अक्षरं शिकवली आणि अक्षरांबरोबर बाकीचंही शिकवलं. भाव कसा ठरतो, मुंबईहून तार कशी येते, आगबोटी कुठे जातात. बोलता बोलता तो म्हणे, ‘तुमचा देव कुठल्या तारेवर बसतो, सांगा बरं.’ मला ते फार आवडे. प्रत्येक खेपेला मी अमरावतीहून मीठ, तेल आणि थोडी नास्तिकी घेऊन घरी यायचो. मीठ-तेल मायच्या हाती द्यायचो आणि नास्तिकी गावभर वाटत फिरायचो.

त्या साली पहिल्या वेचणीच्या दिवशी मायनं सीतादही केलं. आमच्याकडे कापसाला हात लावण्याआधी पऱ्हाटीच्या बुडाशी लहान दगड मांडून त्यांना हळद-कुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तोच दहीभात तासातासांत, म्हणजे ओळीओळींतून, शिंपडतात. सीतामाय खूश झाली की बोंडं भरून फुटतात. माय वाकून दहीभात शिंपडत होती आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून शहाणपण पाजळत होतो.

“माय, दहीभात कायले नासवतं? भाव तर तारंतून येते.”

माय मान वर न करता म्हणाली, “भाव तारंतून येते, मंग कापूस कोठून येते थेबी सांग ना.”

वेचायला आलेल्या बाया खदखदून हसल्या. मीही हसलो. माय मात्र हसली नाही. पुढच्या तासाकडे जाताना तिनं कानाच्या पाळ्या धरल्या आणि पुटपुटली. माझ्या बोलण्याची माफी ती तिथल्या तिथे मागून टाकत असे. मी बोलायचं आणि तिनं निस्तरायचं, असा आमच्या घरचा शिरस्ताच पडला होता.

पौषात गावच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, एका माळेनं अमरावतीला निघाल्या. रीतच तशी होती. वाटेत चोराचिलटांचं भय, म्हणून कुणी एकटं जायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या डाव्या बैलाचा खांदा जुवाने सुजला. मी एक चवाळं, म्हणजे आम्ही कापूस बांधतो ते जाडंभरडं कापड, पाण्यात बुडवून त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि सूज उतरल्यावर कुंपणावर वाळत घातलं. एवढीशी गोष्ट. ती इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ती मला फार जड गेली.

अमरावतीच्या बाजारात सगळ्या गावाचा कापूस अडत्यानं एकाच गंजीत ओतवला. व्यापाऱ्याचा माणूस आला, त्यानं गंजीत खांद्यापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत ओला, वाळू मिसळलेला कापूस होता. वजन वाढावं म्हणून कुणीतरी पाणी मारलं होतं. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. व्यापाऱ्यानं तो कापूस आमच्या पाटलाच्या तोंडासमोर धरला आणि भर बाजारात म्हणाला, “उठाओ सब. इस गाँव का माल नहीं चाहिए.”

शेजारच्या गावांचे लोक बघायला जमले. कुणी तरी ओरडलं, “कापूस धुऊन आनला वाटते यायनं!” सगळा बाजार हसला. आम्ही माना खाली घालून तो कापूस परत बंड्यांत भरला. मी काही केलं नव्हतं, पण लाज अशी असते की ती घर विचारून येत नाही. परतीच्या वाटेवर बैलांच्या घुंगरांशिवाय कुणाचा आवाज नव्हता. जो तो पुढच्या बंडीतल्या माणसाच्या पाठीकडे बघून विचार करत होता, हाच का तो?

गावी आल्यावर पंच बसले आणि ठरलं की घरोघरच्या कारभाऱ्यानं बेलभंडार उचलायचा. मुदत पाडव्यापर्यंत. ज्याच्यावर देव कोपेल, त्याची बंडी गावच्या माळेतून कायमची बाहेर आणि त्याचं पान गावच्या पंगतीतून बाहेर.

महादेवाच्या देवळासमोर सगळं गाव जमलं. बाया एका बाजूला, पदर ओढून. एकेक कारभारी पुढे होऊन ओंजळ करी, म्हणे, “म्या कापसाले पानी मारलं नाई, मारू देल्लं नाई,” आणि बाजूला होई. आमच्या धुऱ्याला लागून ज्याचं वावर होतं, त्या महानुभावाची पाळी आली तेव्हा तो जागचा हलला नाही. महानुभाव पंथाचे लोक आपल्या देवाशिवाय दुसऱ्याला हात जोडत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. पण एरवी त्याची कुणाला अडचण नव्हती. भला माणूस होता.

पाटील म्हणाला, “ये गा, उचल.”

“मी तुमच्या देवाले वाईट म्हनत नाई,” तो म्हणाला. “पन माह्या मार्गात त्याले मानत नाईत. मंग त्याची आन म्या काऊन घेऊ?”

“तू पानी मारलं का नाई, एवढंच तं सांगाचं हाय.”

“नाई मारलं. हे असंच सांगतो. बेल हाती घेऊन सांगतलं, तं कापसाचं खरं होईन अन् बेलाचं खोटं होईन.”

लोक कुजबुजू लागले. मला त्याचा राग आला. खरंच सांगतो, राग आला. साधी गोष्ट अवघड करून ठेवतो म्हणून. मी शेजारच्या माणसाच्या कानाला लागलो आणि म्हणालो, “पालाच तं हाय. उचलला का झालं.” आणि माझी पाळी आली तेव्हा मी पाटलाच्या हातून बेल घेतला, मोठ्या आवाजात सांगितलं आणि हात झटकून मोकळा झालो. जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. कानाला लागून बोललो तरी माझा आवाज बारीक कधीच नव्हता. बायांच्या घोळक्यात पुढेच माझी माय उभी होती.

बेल उचलला नाही म्हणून महानुभावाची बंडी त्याच दिवशी माळेतून काढली आणि त्याला वाळीत टाकलं.

माघात शेवटची वेचणी चालली होती. तेव्हा पऱ्हाटी वाळून कडक झालेली असते आणि फुटलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. वेचताना मायच्या डोळ्यात असलंच एक टोक गेलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी बसली तेव्हा डोळ्यातून पाणी वाहत होतं. मी विचारलं तर म्हणाली, धूर. दुसऱ्या दिवशी पदर जरा जास्त पुढे ओढला. मग वावरात येणं बंद केलं, मग पाण्याला जाणं बंद केलं. मी कापसाच्या मागे होतो, मला वाटलं म्हातारी थकली. माझ्या बायकोला मात्र ठाऊक होतं. ती गुपचूप तूप लावी, ओल्या हळदीची पट्टी ठेवी. मायनं तिला शपथ घातली होती. पण एका दुपारी तिच्यानं राहवलं नाही.

“आत्याबाईचा डोया पाहा एकडाव,” ती मला म्हणाली. माझ्या मायला ती आत्याबाई म्हणे. “मले भेव वाटून रायलं.”

मी आत गेलो आणि मायच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. डोळा लाल भडक होता आणि बुबुळावर पांढरा ठिपका पडला होता. पापणी सुजून चिकटली होती.

“चाल, वैद्याकडे नेतो.”

“पाडवा होऊ दे.”

“पाडवा? माय, डोया जाईन तुह्या!”

“वैद्य घरी आला का गावाले समजते. मोठं दुखनं आलं म्हनतीन. महादेवानं उत्तर देल्लं म्हनतीन.”

“म्या खोटं बोललो नाई. मंग भेव कायचं?”

ती माझ्याकडे दुसऱ्या डोळ्यानं बघत राहिली. मग म्हणाली, “थे मले नको सांगू. गावाले कसं सांगशीन?”

आणि मी गप्प बसलो. बेलाला पाला म्हणणारा मी, तारेतून भाव येतो हे गावाला शिकवणारा मी, त्या पाल्याला घाबरलो. पाल्याला नाही म्हणा, गावाला. पण जिच्या डोळ्याचा प्रश्न होता तिला त्यात काय फरक? मी मनाची समजूत घातली की पाडवा काही लांब नाही. तूप आहे, हळद आहे, म्हाताऱ्या माणसांचे डोळे येतात आणि जातात. माणसाला जे करायचं नसतं, त्याच्यासाठी त्याला कारणं भराभर सुचतात.

त्याच आठवड्यात धुऱ्यावर महानुभाव भेटला. वाळीत पडल्यापासून त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे. मीही वाट बदलायचो, पण त्या दिवशी समोरासमोर गाठ पडली.

“दंडवत,” तो म्हणाला. “माय दिसत नाई वावरात.”

“डोयात धूर गेला जरा.”

“परवा तुमच्या आंगनात पायलं म्या. धूर नाई थो.” तो जवळ आला. “माह्या बंडीत घालून नेतो अमरावतीले. बंडीवर आडोश्याले तट्ट्या बांधतो. माह्या बंडीकडे आता कोनी पाहत नाई. वाळीत पडलो त्याचा एवढा तं उपेग होऊ दे.”

यापेक्षा चांगलं कुणी काय बोलणार? आणि मी त्याला काय म्हणालो? म्हणालो, “नाई, नाई, तसं काई नाई. बरं होऊन रायलं.” कारण मला वाटलं, याच्या बंडीत माझी माय बसलेली कुणी पाहिली तर दुहेरी संशय. सगळं त्याला कळलं, आणि आपल्याला कळलं हे त्यानं मला दिसूही दिलं नाही. ‘दंडवत’ म्हणून निघून गेला. त्याची ती सभ्यता मला आजही चपराकीसारखी वाटते.

पाडव्याला आमच्या दारी गुढी उभी राहिली. पाटलानं देवळात कडुनिंब आणि गूळ वाटला. गावात कुणाचं घर जळलं नव्हतं, कुणाचा बैल मेला नव्हता. सगळे खरे. मग कापसाला पाणी मारलं कुणी? पंचांना फार विचार करावा लागला नाही. ज्यानं बेल उचलला नाही त्यानंच. महानुभावावर शिक्का बसला. मी तिथेच उभा होतो, तोंडात कडुनिंब आणि गूळ एकत्र चघळत. माझ्या घरात एक डोळा पूर्ण गेला होता आणि दुसरा लाल झाला होता, आणि मी गावाच्या लेखी खरा ठरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी बंडी जुंपली आणि मायला अकोल्याला नेलं. तिथे माझा मामा राहत होता आणि सरकारी दवाखाना होता. तेव्हा त्या बाजूला रुळांसाठी माती टाकायचं काम चाललं होतं, वाटेत पाटीवाल्यांच्या रांगा लागल्या होत्या. मी मायला सांगत होतो, “हे पाहा, इथून आगगाडी जाईन,” आणि लगेच जीभ चावत होतो. ती मात्र म्हणे, “सांग, सांग. काय काय दिसते थे सांग.”

डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर केल्या, दिवा जवळ नेला, दूर नेला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, “एका डोळ्याचं दुखणं दुसऱ्यात उतरलं आहे. लागलं तेव्हाच आणलं असतं तर निदान एक राखता आला असता. आता काही होणार नाही. इतके दिवस काय करत होता?”

मी खाली बघत उभा राहिलो. डॉक्टरांना वाटलं असेल, अडाणी कुणबी, कापसाच्या नादात म्हातारीला विसरला. तसं वाटू दिलं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

मामाच्या अंगणात लिंबाखाली मायला बसवलं आणि मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी तोंडात उपरणं कोंबलं, पण आंधळ्या माणसाला ऐकू कमी येत नाही. तिनं चाचपडत माझं डोकं शोधलं.

“रडतं कायले? फिटलं ना सारं.”

“काय फिटलं माय?”

“देवाले म्याच म्हटलं होतं,” ती म्हणाली, अगदी सुखानं. “म्हटलं, पोरगं खोटं बोललं तुह्यासमोर, पन अडानी हाय, त्याचं मनावर घेऊ नको. काय घ्याचं असंन थे माह्यं घे. महादेव भोळा हाय बाप्पा. जीव नाई घेतला. डोयावर भागवलं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटत होतं, गावाच्या तोंडाला भिऊन ती दुखणं लपवते आहे. माझ्या खरेपणावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. पण ती मला खरा समजतच नव्हती. पहिल्या दिवसापासून तिला वाटत होतं की माझा मुलगा चोर आहे, देवासमोर खोटं बोललेला आहे, आणि आपल्या डोळ्यात गेलेलं टोक ही त्याची शिक्षा आहे. ती शिक्षा तिनं पदराखाली झाकून, न कुरकुरता, माझ्याऐवजी भोगली होती.

“माय, म्या पानी नाई मारलं.”

“हो बाप्पा, हो.”

“खरंच नाई मारलं!”

“कुंपनावर ओलं चवाळं होतं त्या दिवशी. म्या कोनाले नाई सांगतलं.”

मी बैलाच्या खांद्याचं सांगितलं. सुजेचं सांगितलं. ती मान हलवत राहिली, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. शेवटी मी चिडलो. आंधळ्या झालेल्या मायवर, त्या अंगणात, मी चिडलो. “असं कसं वाटलं तुले? आपल्या पोटच्या पोरावर इस्वास नाई?”

“बेलाले पाला म्हननाऱ्याले खोटं बोलाले काय लागते?” ती म्हणाली. रागानं नाही. तिला ते दिवसाउजेडी दिसावं इतकं सरळ दिसत होतं. ज्याला भीती नाही त्याला अडवणार कोण? मी आयुष्यभर कुणाच्या भीतीनं नव्हे, तर मला लाज वाटते म्हणून खरं बोलत आलो होतो. पण ते तिला कुठल्या भाषेत सांगायचं? अमरावतीच्या कारकुनानं ते काही मला शिकवलं नव्हतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “तुह्या गळ्याची आन घेऊन सांगतो—”

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. “नको. आता आन नको घेऊ. आता माह्याजवळ देवाले द्याले काई नाई रायलं.”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. घरी परतलो. माय अंधारात रुळली. चाचपडत सरकी निवडायची, सुनेला हाताखाली घ्यायची आणि आल्यागेल्याला सांगायची की वय झालं, डोळे गेले. गावानंही ते मानलं. तिचा चेहरा शांत असे. एखादं मोठं काम हातावेगळं केलेल्या माणसाचा असतो तसा. मला त्या शांत चेहऱ्याकडे बघवत नसे. जेवायला बसलो की मी भिंतीकडे तोंड करून बसायचो.

पुढच्या साली चोर सापडला. अमरावतीच्याच बाजारात, बंडी खाली करताना. पाटलाच्या नात्यातलाच एक, शिंगांना शेंब्या बसवणाऱ्यांत पहिला. वाळूचं गाठोडं बंडीच्या बुडाशीच निघालं. चार रट्टे बसल्यावर त्यानं मागच्या सालचंही कबूल केलं. त्यानंही आमच्याबरोबर बेल उचलला होता, आणि त्याच मुदतीत त्याच्या घरी पाळणा हलला होता, विहिरीला गोडं पाणी लागलं होतं. महानुभावाची बंडी पुन्हा माळेत आली. त्याची माफी कुणी मागितली नाही. मी मनात बरीच जुळवाजुळव केली, आणि मीही मागितली नाही.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा माय उंबऱ्यात बसली होती. तिचा तो शांत चेहरा पार उतरला होता. हात गुडघ्यांवर, बोटं एकमेकांत गुंतलेली.

“आलास?” ती म्हणाली. “लोक सांगून रायले. मागच्या सालचं पानी त्यानंच मारलं म्हन्ते.”

“हो.”

मग हळूच म्हणाली, “मंग माह्ये डोये कोनासाठी गेले रे?”

किती दिवस मी या क्षणाची वाट बघत होतो. सांगायचं होतं ना मला, माय बघ, मी खरा होतो? शब्द ओठावर आले होते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजलं की मी खरा ठरलो तर ती फुकट आंधळी झाली. बोंडाचं टोक लागलं, मुलगा गावाला भ्याला, वैद्य आला नाही, डोळे गेले. एवढंच उरेल. देव नाही, नवस नाही, लेकरासाठी काही देणं नाही. अंधारात बसायला तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, आणि ती मी काढून घेणार होतो.

मी तिच्या पायाशी बसलो. “माय, त्याचं होतं थे खरं. पन माह्यंबी होतं. म्याबी मारलं होतं पानी. चवाळं त्या पान्याचंच होतं.”

तिनं एक मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा पुन्हा जागेवर आला. ते बघताना मला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली की काय जास्त होतं ते मला अजून सांगता येत नाही. “मले माईत होतं,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “म्या तुले जनम देल्ला. मले माईत नसंन?”

माझी बायको आत चुलीपाशी होती. बैलाच्या खांद्यावर ओलं चवाळं टाकताना तीच माझ्याबरोबर होती. ती दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

“चाल,” माय उठत म्हणाली. “आता चाल देवळात. कबूल केलं ना, मंग त्याच्याहीसमोर कर. नाक घास. म्हंजे माह्या जिवाले घोर नाई.”

मी तिला नेलं. उन्हं उतरली होती, देवळात दुसरं कुणी नव्हतं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, पण वाट तीच दाखवत होती असं मला वाटलं. गाभाऱ्यात मी गुडघे टेकले आणि फरशीवर नाक घासलं. ती मागून एकेक शब्द सांगत होती, आणि मी तो म्हणत होतो. देवा, म्या पानी मारलं. देवा, म्या तुह्यासमोर खोटं बोललो. देवा, मले माफ कर. मी ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत होतो.

“मोठ्यानं बोल,” माय म्हणाली. “त्याले आयकू जाऊ दे.”

मी मोठ्यानं बोललो. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं की तो ऐकत नसेल तर बरं.